‘रेडिएट’ : आरा, किरण आणि झळ



आज एक इंग्रजी शब्द घेतोय, ‘रेडिएट’. कोशातला अर्थ सोपा आहे. एका मध्यापासून सगळ्या बाजूंना पसरणं किंवा पसरवणं. कोश मिटला की काम संपलं असं वाटेल, पण तसं नाही. हा शब्द आता फक्त इंग्रजीत राहिलेला नाही, तो आपल्या घरात येऊन बसलाय. रुग्णालयात डॉक्टर सांगतात, ‘आता रेडिएशन सुरू करू.’ गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला की सोसायटीच्या सभेत कुणीतरी उठतो आणि म्हणतो, ‘रेडिएशनचं काय?’ गाडीत रेडिएटर आहे, गाडीला रेडियल टायर आहेत. नंबरप्लेट करून देणाऱ्या दुकानावर ‘रेडियम’ अशी पाटी आहे. आणि अलीकडे एखाद्या प्रसन्न माणसाबद्दल बोलताना म्हणतात, ‘त्या काय पॉझिटिव्ह एनर्जी रेडिएट करतात!’

म्हणजे एकाच घराण्यातला शब्द स्तुतीला चालतो, भीतीला चालतो, औषधाला चालतो आणि टायरलाही चालतो. असा शब्द भेटला की तत्त्वज्ञानाच्या माणसानं थोडं सावध व्हावं. कारण असा शब्द नुसता अर्थ सांगत नसतो, तो एक चित्र आपल्या डोक्यात ठेवून जातो, आणि मग पुढचा विचार आपण करत नाही, ते चित्र करतं. आज मला त्या चित्राची तपासणी करायचीय. चित्र असं : मध्ये कुणीतरी तेजस्वी, तो देतोय. भोवती बाकीचे, ते घेतायत. माझं म्हणणं असं, की हे चित्र शब्दाच्या मुळाशी जुळत नाही, भौतिकशास्त्राशी जुळत नाही, आणि समाजाला लावलं की त्यातून अन्याय होतो. हे तीन मुद्दे क्रमानं घेऊ.

पहिला मुद्दा मुळाचा. ‘रेडिएट’ आला लॅटिनमधल्या ‘रादिआरे’ या क्रियापदावरून, आणि ते आलं ‘रादिउस’ या नामावरून. इंग्रजीत हे क्रियापद सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागतं. आता ‘रादिउस’ म्हणजे काय? भूमितीत आपण रेडियस म्हणतो, त्रिज्या. पण तो विद्वानांच्या कामातला अर्थ झाला. रोमन माणसाला ‘रादिउस’ म्हणजे काठी. चाकाचा आरा म्हणजे रादिउस. विणकराचा धोटा, तोही रादिउस. भूमिती शिकवणारा ज्या काठीनं वाळूत आकृत्या काढायचा, तीही रादिउस. आणि सूर्याचा किरणसुद्धा रादिउस. आपल्या हाताच्या पुढच्या भागात दोन हाडं असतात, त्यातल्या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला डॉक्टर आजही ‘रेडियस’च म्हणतात.

इथे एक गफलत होऊ शकते, ती आधीच दूर करतो. ‘रॅडिकल’ हा शब्द या घराण्यातला नाही. तो ‘रादिक्स’, म्हणजे मूळ किंवा मुळी, यावरून आला. ‘रॅडिश’ म्हणजे मुळा, तोही तिकडचाच. नावं सारखी, गावं वेगळी.

आता विचार करा. रोमन माणसानं सूर्याकडे पाहिलं आणि त्याला तिथे चाक दिसलं. मधला गोळा म्हणजे तुंबा, आणि भोवती निघालेले आरे. नाण्यांवर आणि मूर्तींवर सूर्यदेवाच्या डोक्याभोवती जो अणकुचीदार मुकुट दाखवतात, तो हाच. किरण म्हणजे आरा. चित्र छान आहे, पण यात एक गोष्ट हळूच निसटली. आरा आणि किरण सारखे दिसतात, पण वागतात वेगळे.

बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. आरा एका बाजूनं तुंब्यात बसवलेला असतो आणि दुसऱ्या बाजूनं बाहेरच्या घेरात. दोन्ही टोकांना पक्का. ओझं असतं गाडीवर, ते आसातून तुंब्यावर येतं, तुंब्यातून आऱ्यावर, आऱ्यातून घेरावर, घेरावरून जमिनीवर. आणि जमिनीचा दगड-खड्डा जो धक्का देतो, तो त्याच वाटेनं उलटा येतो, धावेपासून तुंब्यापर्यंत. म्हणजे आऱ्यातून व्यवहार दोन्हीकडून चालतो. घेर काढून घ्या, आरे हवेत लोंबकळतील आणि तुंबा एक गोल लाकडाचा ठोकळा उरेल. घेरामुळे तुंब्याला ‘मध्य’पण आहे.

किरणाचं तसं नाही. किरण निघतो आणि जातो. तो कुणावर पडला, पडला की नाही, याच्याशी सूर्याला देणंघेणं नाही, असं आपण धरून चालतो. ‘रेडिएट’ शब्द जन्मला आऱ्याच्या पोटी, पण वापरात शिल्लक राहिला किरण. त्या प्रवासात घेर गळून पडला. माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची घटना हीच.

आपल्याकडे काय झालं? ‘आरा’ हा संस्कृत ‘अर’वरून आलेला. उपनिषदांमध्ये चाकाचा दृष्टान्त पुन्हा पुन्हा येतो. छांदोग्यात आहे, प्रश्नोपनिषदात आहे, मुंडकात आहे. पण मला बृहदारण्यकातला दृष्टान्त विशेष वाटतो. तिथे आरे नाभीत बसवलेले आहेत एवढंच म्हटलेलं नाही. नाभीत आणि नेमीत, म्हणजे तुंब्यात आणि घेरात, दोन्हींत बसवलेले आहेत असं म्हटलंय. ज्यानं तो दृष्टान्त दिला त्यानं रथाचं चाक नीट पाहिलेलं होतं.

आणि किरणासाठी संस्कृतनं आरा वापरलाच नाही. एकेक शब्द बघा. ‘रश्मी’ म्हणजे किरण, पण त्याआधी दोरी, लगाम. सूर्याच्या रथाला घोडे आहेत, तेव्हा किरण म्हणजे लगाम. लगाम कशासाठी असतो? धरून ठेवायला. ‘मयूख’ म्हणजे किरण, पण खुंटीही. विणकामात ताणून धरायला लागते तशी खुंटी. रोमन माणसाला धोटा दिसला, आपल्या माणसाला खुंटी दिसली, दोघेही मागाशेजारी बसलेले असणार! ‘पाद’ म्हणजे किरण आणि पाय. ‘कर’ म्हणजे किरण, हात, आणि सरकारला भरतो तो कर. या ‘कर’ शब्दाकडे शेवटी परत यायचंय, तो लक्षात असू द्या. आणि खुद्द ‘किरण’ हा ‘कॄ’ धातूवरून, म्हणजे विखुरणं. ‘विकीर्ण’, ‘प्रकीर्ण’ हे त्याचेच भाऊबंद. हिंदीतला ‘विकिरण’ही तिथलाच.

म्हणजे एकाच गोष्टीची किती चित्रं झाली! लगाम, खुंटी, पाय, हात, विखुरलेली मूठ. यांतलं कुठलंही एक चित्र ‘खरं’ नाही. पण प्रत्येक चित्र वेगळं काहीतरी विचारायला लावतं. लगाम म्हटलं की विचारावंसं वाटतं, दुसऱ्या टोकाला कोण बांधलंय? हात म्हटलं की विचारावंसं वाटतं, देतोय की घेतोय? ‘रेडिएट’ म्हटलं की काहीच विचारावंसं वाटत नाही. उजेड येतोय, छान आहे.

या बिनप्रश्नाच्या चित्राला तत्त्वज्ञानात प्रतिष्ठा दिली प्लोटायनसनं. तिसऱ्या शतकातला हा मोठा विचारवंत, इ. स. २७० मध्ये वारला. त्याच्यापुढचा प्रश्न फार अवघड होता : जे एकमेव आहे, पूर्ण आहे, ज्याला कशाची गरज नाही, त्याच्यातून हे अनेकपण आलं कसं? त्याचं उत्तर असं, की सूर्यातून प्रकाश येतो तसं. सूर्य काही ठरवत नाही, श्रम करत नाही, कमी होत नाही. प्रकाश आपसूक भोवती असतो. तो आणखी दाखले देतो : अग्नीतून उष्णता, बर्फातून थंडी, सुगंधी वस्तूतून वास. जे पूर्ण आहे ते आपोआप बाहेर ओसंडतं. आणि जसजसं लांब जावं तसतसं तेज मंद होत जातं, अगदी शेवटी उरतो तो अंधार, म्हणजे जडद्रव्य. प्लोटायनस ग्रीकमध्ये लिहायचा, पण इंग्रजीत त्याचे अनुवाद करणाऱ्यांना दोन शब्द हाताशी आले. एक ‘रेडिएट’, दुसरा ‘इमॅनेट’, म्हणजे मूळ अर्थानं ‘बाहेर वाहणं’.

प्लोटायनसबद्दल मला आदर आहे. त्यानं ही उपमा परमतत्त्वासाठी वापरली, आणि उपमा अपुरी पडते याचं त्याला भान होतं. अडचण पुढे झाली. उपमा परमतत्त्वाची होती, ती उचलून लोकांनी माणसांना लावली. गुरू ज्ञान रेडिएट करतो. राजधानी संस्कृती रेडिएट करते. एखादा देश सभ्यता रेडिएट करतो. यात परमतत्त्वाची तिन्ही लक्षणं फुकटात मिळाली : देणाऱ्याला काही खर्च नाही, देणाऱ्याला घेणाऱ्याकडून काही नको, आणि जो जितका लांब तो तितका अंधारात. तुम्ही लांब आहात म्हणजे तुम्ही अंधारात आहात, हे वाक्य कुणी उघड बोलत नाही. शब्द ते आपोआप बोलतो.

आता दुसरा मुद्दा, भौतिकशास्त्राचा. मी काही भौतिकशास्त्रज्ञ नाही, पण या बाबतीतली मूलभूत गोष्ट कुणालाही समजण्यासारखी आहे.

सूर्य देऊन कमी होत नाही? होतो. सूर्यातून बाहेर पडणाऱ्या ऊर्जेच्या हिशेबानं त्याचं वस्तुमान दर सेकंदाला सुमारे चाळीस लाख टनांनी घटतं. सूर्य इतका प्रचंड आहे की हे त्याला जाणवत नाही, पण हिशेब शून्य नाही. फुकटचं तेज विश्वात कुठेच नाही.

दुसरी गोष्ट, पसरणं म्हणजे विरळ होणं. अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई होते, तिप्पट झालं की नवमांश. कारण तेवढीच ऊर्जा चौपट, नऊपट मोठ्या गोलावर वाटली जाते. ‘सर्वत्र पसरलं’ हे आपण कौतुकानं म्हणतो, पण ‘सर्वत्र’ याची किंमत असते. लांबच्याला कमी मिळतं, आणि त्यात लांबच्याचा दोष काही नसतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. १७९१ मध्ये जिनिव्हाच्या पिअर प्रेव्होनं एक सिद्धान्त मांडला. तोपर्यंत लोकांचा समज असा, की गरम वस्तू उष्णता बाहेर टाकते आणि थंड वस्तू थंडी बाहेर टाकते. बर्फातून थंडी येते, हा प्लोटायनसचा दाखला आठवा. प्रेव्हो म्हणाला, थंडी नावाचं काही बाहेर पडत नाही. प्रत्येक वस्तू, गरम असो की गार, सतत उष्णता बाहेर टाकत असते आणि सतत भोवतालची उष्णता घेत असते. बर्फाचा खडाही टाकतो, फक्त तो टाकतो त्यापेक्षा घेतो जास्त. ‘गरम वाटणं’, ‘गार वाटणं’ ही या देवघेवीतली शिल्लक-बाकी आहे. आणि दोन वस्तूंचं तापमान सारखं झालं तरी देवघेव थांबत नाही, दोन्हीकडचा हिशेब फक्त जुळतो.

याच वाटेनं पुढे जाऊन १८५९ मध्ये किरखॉफनं दाखवलं, की एखाद्या तापमानाला आणि एखाद्या तरंगलांबीला जी वस्तू चांगली शोषते तीच चांगली बाहेरही टाकते. चांगला घेणारा तोच चांगला देणारा. मी आयुष्यभर शिकवण्याचं काम केलं, त्यामुळे हा नियम ऐकून बरं वाटतं. पण भौतिकशास्त्राचा नियम सुविचाराच्या फळ्यावर लिहू नये, म्हणून तो मोह आवरतो.

करोनाच्या काळात दारोदारी कपाळासमोर एक पिस्तुलासारखं यंत्र धरायचे, आठवतंय ना? ते यंत्र तुमच्यावर काही सोडत नव्हतं. तुमच्या कपाळातून जे अवरक्त किरण बाहेर पडत होते, ते मोजत होतं. म्हणजे सोसायटीच्या सभेत ‘रेडिएशनचं काय?’ म्हणून विचारणारा माणूस स्वतःच त्या क्षणी रेडिएट करत असतो. त्याची खुर्ची करते, भिंत करते, तुमच्या हातातला गार पाण्याचा पेलाही करतो. एक देणारा आणि बाकी घेणारे असं जगात मुळी नाहीच.

इथे मराठीतल्या दोन शब्दांची तक्रार केली पाहिजे. ‘रेडिएशन’ या व्यापक कल्पनेसाठी आपल्या विश्वकोशानं ‘प्रारण’ हा शब्द वापरला. आणि काही मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रातून आपोआप भेदक किरण बाहेर पडतात, त्या विशिष्ट घटनेसाठी ‘किरणोत्सर्ग’. दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळे शब्द. व्यवस्था चांगली होती. पण ‘प्रारण’ पुस्तकात राहिलं, आणि वर्तमानपत्रांनी ‘किरणोत्सर्ग’ सगळीकडे लावला. त्यामुळे अणुभट्टीचा किरणोत्सर्ग आणि मोबाइल टॉवरचा ‘किरणोत्सर्ग’ एकाच रांगेत बसले. अणुकेंद्रातून येणारे किरण किंवा क्ष-किरण अणूतला इलेक्ट्रॉन उडवू शकतात, पेशीतल्या रेणूंची मोडतोड करू शकतात. मोबाइलच्या लहरींच्या अंगी तेवढी ऊर्जा नसते. त्यांचे दीर्घकालीन परिणाम काय, हा स्वतंत्र प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ मध्ये या लहरी ‘कर्करोगाला कदाचित कारणीभूत’ अशा गटात घातल्या, तेही सांगायला हवं. पण तो प्रश्न नीट विचारायचा तर आधी दोन गोष्टींना दोन नावं हवीत. नाव एक झालं की भीतीही एक होते. मग माणूस टॉवरला घाबरतो आणि गरज नसताना तीन-तीनदा सीटी स्कॅन मात्र आनंदानं करून घेतो.

आणि याची उलटी बाजू जास्त भयानक आहे. बेकेरेलला १८९६ मध्ये युरेनियममधून निघणारे किरण सापडले. १८९८ मध्ये क्युरी दांपत्यानं ‘रेडिओॲक्टिव्ह’ हा शब्द घडवला आणि त्याच वर्षाअखेर नव्या मूलद्रव्याला ‘रेडियम’ नाव दिलं. थोरियममधून एक वायू बाहेर पडतो असं रदरफोर्डला १९०० मध्ये आढळलं, त्याला त्यानं नाव दिलं ‘इमॅनेशन’. बघा, तत्त्वज्ञांचे दोन्ही शब्द प्रयोगशाळेत पोचले. आणि शब्द पोचला की त्याचं वलयही पोचतं. ‘रेडियंट’ म्हणजे तेजस्वी, प्रसन्न, निरोगी. मग रेडियम वाईट कसं असेल? ते तर स्वतःच्या तेजानं चमकतं, घेतो त्याला तेज देतं! १९२०च्या दशकात अमेरिकेत रेडियम घातलेलं पाणी शक्तिवर्धक म्हणून विकत होते. ‘रेडिथॉर’ नावाचं असं पाणी वर्षानुवर्षं पिणारा एबेन बायर्स हा उद्योगपती १९३२ मध्ये जबड्याची हाडं झिजून वारला. घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग देणाऱ्या कारखान्यांतल्या मुली ब्रशाला टोक काढायला तो ओठांत धरायच्या. कित्येक जणी त्यातच गेल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, सांगितलं होतं, पण उलटं : काही होत नाही म्हणून. सगळा दोष शब्दाचा नव्हता, नफ्याचा होता, निष्काळजीपणाचा होता. पण त्या शब्दाच्या प्रसन्न चेहऱ्यामुळे लबाडी सोपी झाली एवढं नक्की.

आपल्याकडच्या ‘रेडियम’च्या दुकानात अर्थातच रेडियम नसतं. ती चमकपट्टी स्वतः काहीच बाहेर टाकत नाही, समोरच्या गाडीचा उजेड परत त्याच दिशेला पाठवते. अंधारात चमकतं ते रेडियम, असा लोकांनी सरळ अर्थ लावला. मला हे अजिबात चूक वाटत नाही. नाव तेजाचं आणि तेज दुसऱ्याचं, अशी उदाहरणं नंबरप्लेटबाहेरही पुष्कळ सापडतील.

आता थोडं मराठीकडे बघू. वैज्ञानिक परिभाषा सोडा, रोजच्या बोलण्यातले शब्द घ्या. चुलीशी बसलं की धग जाणवते. उन्हाळ्यात दारात उभं राहिलं की झळ लागते. गोधडीत ऊब मिळते. कौलातून कवडसा पडतो. हे सगळे शब्द त्याच घटनेचे आहेत जिला इंग्रजीत ‘रेडिएट’ म्हणतील. पण वाक्य कुणाच्या बाजूनं सुरू होतंय? ‘मला झळ लागली.’ ‘पोराला ऊब मिळाली.’ चूल काय करते हे मागे राहतं, जो बसलाय त्याला काय होतं ते पुढे येतं. आणि मग आपण तोच शब्द उचलून म्हणतो, महागाईची झळ, दुष्काळाची झळ. झळ कुणाला लागली, हा प्रश्न शब्दातच बांधलेला आहे. लागायला कुणीतरी असल्याशिवाय झळ होतच नाही.

यावरून मराठी थोर आणि इंग्रजी उणी असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. आपल्याकडेही तेज फाकतं, कीर्ती पसरते, आणि इंग्रजीतही सोसणाऱ्याच्या बाजूचे शब्द आहेत. माझा मुद्दा एवढाच : पसरण्याचं वर्णन दोन टोकांकडून करता येतं. मध्याकडून आणि घेराकडून. ‘रेडिएट’ फक्त मध्याकडून करतं.

म्हणून आता तिसरा मुद्दा, समाजाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्राफ्टन एलियट स्मिथ आणि त्याचा सहकारी पेरी यांनी मांडलं, की जगातली सगळी सभ्यता इजिप्तमधून पसरली. पेरीचं पुस्तक १९२३चं, नाव ‘चिल्ड्रन ऑफ द सन’. सूर्यपुत्र! एक तेजस्वी केंद्र, बाकी जग अंधारात. मेक्सिकोत पिरॅमिड दिसला की तोही इजिप्तचा किरण. पुढे मानवशास्त्रानं हे टाकून दिलं, कारण पुरावा उलट होता. माणसांनी शेतीसुद्धा अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे शोधली.

पण हे आपल्या अधिक जवळ घडलंय. १८३५ साली मेकॉलेनं म्हटलं, आधी वरच्या थोड्यांना शिकवू, ते पुढे बहुजनांपर्यंत ज्ञान नेतील. त्याला झिरपण्याचा सिद्धान्त म्हणतात. तिथे चित्र पाण्याचं आहे, वरून खाली. इथे उजेडाचं, आतून बाहेर. पण गृहीत तेच, की एका जागी ठेवलं की ते आपोआप सगळ्यांना पोचतं. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं. त्यात त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, वरच्यांना शिकवून इतकी वर्षं झाली, खाली काही पोचलेलं नाही. आणि दुसरी फार मूलगामी : सरकारचा महसूल येतो मुख्यतः रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. म्हणून त्यांनी मागणी केली, की प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा.

आता तो ‘कर’ शब्द परत आणा. फुले म्हणत होते ते आपल्या भाषेत असं सांगता येईल : तुम्ही ज्याला मध्याचा उजेड म्हणता, त्याचं तेल घेरावरच्यांनी भरलेलं आहे. आधी कर आत जातो, मग कर, म्हणजे किरण, बाहेर येतात, आणि येतात ते घेरापर्यंत पोचतच नाहीत. ‘ज्ञान रेडिएट होतं’ या वाक्यात तो आत जाणारा कर दिसत नाही. शब्दानं तो लपवला. आऱ्यातला घेर गळाला म्हणालो होतो, तो हा.

आपली जुनी परंपरा इथे मदतीला येते. यास्कानं निरुक्तात ‘आदित्य’ शब्दाच्या काही व्युत्पत्त्या दिल्यात. अदितीचा पुत्र ही त्यातली एक, आणि आजचे भाषाशास्त्रज्ञ तीच मानतील. पण यास्क आधी वेगळीच देतो : जो रस घेतो तो आदित्य. ‘आ-दा’ म्हणजे घेणं. व्युत्पत्ती म्हणून कच्ची असेल, निरीक्षण म्हणून पक्की आहे. सूर्य घेतो. तळ्यातलं पाणी, ओल, रस, सगळं उचलतो. कालिदासानं रघुवंशात दिलीप राजाचं वर्णन करताना हेच धरलंय : राजा प्रजेकडून घेतो ते तिच्याच भल्यासाठी, सूर्य पाणी घेतो ते हजारपट परत द्यायला. कालिदास राजाची स्तुती करतोय, ते सोडा. पण त्याच्या स्तुतीतसुद्धा हिशेब आहे : आधी घेतलं, मग द्यायचंय. स्तुतीची ही उपमा उद्या कुणी राजासमोर ठेवून विचारू शकतो, ‘महाराज, घेतलंत ते दिसलं, पाऊस कधी?’ ‘रेडिएट’ म्हटल्यावर हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

मग हा शब्द वापरायचा नाही का? वापरायचा. शब्दावर बंदी घालणं हा माझा धंदा नाही. वैज्ञानिकांनी वापरावा, त्यांनी तो प्रेव्होपासून नीट तासून घेतलाय. डॉक्टरांनी वापरावा. एखादी आजी आनंद रेडिएट करते म्हटलं तरी कुणाचं बिघडत नाही, फक्त त्या आजीला सकाळचा चहा कोण करून देतं तेही बघा. पण संस्था, सत्ता, ज्ञान, संस्कृती यांच्याबद्दल कुणी हा शब्द किंवा याचा मराठी अवतार वापरला, की तीन प्रश्न विचारायचे. याचा खर्च कुठून आला? घेरापर्यंत पोचलं किती, आणि ते मोजलं कुणी? आणि घेराकडून मध्याकडे काय येतंय, ते कुणाच्या नोंदीत आहे?

हे तिन्ही प्रश्न आऱ्याचे आहेत. चाक ज्यानं बनवलं त्या सुताराला ते माहीत होते. बोलणाऱ्याला तुंब्यावर बसवायची आपल्याला सवय असते, म्हणून सांगतो, हे प्रश्न या व्याख्यानालाही लागू आहेत. तेव्हा आता तुमच्याकडून येऊ द्या. विचारा.